चार फोटोंतला कान

आमच्या मॅट्रिकच्या वर्गाच्या फोटोत बाबल्याचा फक्त कान आला आहे. उजवा. मागच्या रांगेत, अगदी टोकाला, सगळ्यांपेक्षा वीतभर उंच असा एक देह उभा आहे, अंगात इस्त्रीचा सदरा आहे, आणि चेहरा असायला हवा तिथे तेल लावून चापून बसवलेले केस आणि तो कान. फोटोग्राफरने काळ्या फडक्याखालून "हलू नका" म्हटलं आणि नेमक्या त्याच वेळी बाबल्याने मागे वळून पाहिलं. कशाला, तर कोणी मागे राहिलं का ते बघायला. मागे शाळेची भिंत होती.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी तो कान विसरूनही गेलो असतो. पण पेडण्यातल्या आमच्या त्या हायस्कुलात हेडसरांच्या खोलीबाहेर मॅट्रिकच्या जुन्या वर्गांचे फोटो ओळीने टांगलेले आहेत, आणि त्यातल्या लागोपाठच्या चार फोटोंत मागच्या रांगेच्या टोकाला हाच कान आहे. पुढल्या रांगेतली मुलं बदलतात, मुलींच्या वेण्यांची फॅशन बदलते, खुर्चीवरच्या हेडसरांचे केस पांढरे होत जातात. कान तोच. आताची मुलं त्याला शाळेचा जुना शिपाई समजतात असं ऐकतो.

तर हा बाबलो. कागदोपत्री विश्राम, पण ते नाव फक्त हजेरीच्या वेळी ऐकू यायचं. आम्ही सगळे "हजर" म्हणायचो, तो "प्रेझेंत" म्हणायचा. ही पोर्तुगीज शाळेची सवय. मुक्तीनंतर गावोगाव मराठी शाळा निघाल्या आणि तालुक्याच्या ठिकाणी हायस्कुलं आली, तेव्हा शाळा नव्या कोऱ्या होत्या, पण विद्यार्थी सगळेच नवे नव्हते. कोणाला मिसरूड फुटलेलं, कोणाचं लग्न ठरलेलं. बाबलो फिरंग्यांच्या वेळची प्राथमिक शाळा संपवून, मधली काही वर्षं गुरांमागे आणि नांगरामागे काढून, आमच्याबरोबर आठवीत येऊन बसला. आम्ही अजून हाफ पँटीत होतो आणि हा चांगला बाप्या माणूस. पहिल्या दिवशी हेडसर वर्गात आले, त्यांनी त्याला नमस्कार केला आणि विचारलं, "आपला मुलगा यातला कोणता?"

हा या वयात शाळेत का आला, याबद्दल आमच्यात बरीच चर्चा व्हायची. माझं मत असं होतं की त्याला नांगर धरायचा कंटाळा आला असावा. वर्गाच्या सावलीत बसून कविता ऐकायला मिळत असेल तर चिखलात कोण उतरेल. बाबल्याला विचारलं तर तो म्हणायचा, "शिकलेला काय फुकट जाता?" आणि विषय संपवायचा.

तो हळर्णेच्या वाटेवरच्या भाटवाड्यातला. आमच्याकडे वाडा म्हणजे चौक-सोप्यांचं घर नव्हे, पाच-पंधरा घरांची वस्ती. भाटवाड्यातून सकाळी सहा-सात मुली आणि बाबलो असा तांडा निघायचा. काजूंच्या डोंगरावरून चढायचं, पलीकडे उतरायचं, खालचा व्हाळ साकवावरून ओलांडायचा. साकव म्हणजे दोन पोफळी आडव्या टाकून केलेला पूल. त्या व्हाळाच्या काठी आमचं घर, म्हणून मी तिथे तांड्यात सामील व्हायचो. सगळ्यांत पुढे शालू, म्हणजे बाबल्याची चुलत बहीण, आमच्याच वर्गातली. मधे लहानमोठ्या मुली. सगळ्यांत मागे बाबलो, एका खांद्यावर आपली पिशवी आणि दुसऱ्या खांद्यावर जी दमली असेल तिची.

आणि तिथेच मी त्याचं ते ब्रीदवाक्य पहिल्यांदा ऐकलं. साकव ओलांडला की बाबलो मागे वळायचा आणि मोकळ्या डोंगराकडे बघून विचारायचा, "फाटी कोण रवलां?"

मागे कोण राहिलं? कोणीच नाही. मागे कोणी राहणं शक्यच नव्हतं, कारण सगळ्यांत मागे तोच होता. हे मी त्याला पुष्कळदा समजावलं. "अरे, शेवटचा तू. तुझ्या मागे कोण असणार?"

"म्हणानच इचारतंय," तो शांतपणे म्हणायचा. त्याला उत्तर हवं असायचं. मग शालू पुढून ओरडायची, "कोण नाय, चल!" तेव्हा कुठे त्याचं पाऊल पुढे पडायचं.

हे फक्त वाटेवर असतं तर आमची हरकत नव्हती. पण प्रार्थना संपून वर्गात शिरताना, मधल्या सुट्टीत विहिरीवरून येताना, कबड्डी हरून मैदानाबाहेर पडताना, प्रत्येक वेळी दारात उभा राहून हा "फाटी कोण रवलां" विचारायचा. गुरुजींच्या मागे दार लावायचा तोही विचारूनच. एकदा तपासणीसाठी आलेल्या साहेबांनाही त्याने विचारलं. साहेबांनी दचकून मागे पाहिलं आणि मग त्यांचा तपासणीतला जोर थोडा ओसरला.

त्याच्या या राखणीची एकदाच फजिती झाली. आमची सहल गेली होती. परतताना वाळपईच्या बाजारात चहाला थांबलो. चित्रकलेच्या सरांना दुपारी तोंडावर टॉवेल टाकून झोपायची सवय. निघायची वेळ झाली तसा बाबलो बाजारभर फिरला, एका पिंपळाच्या पारावर टॉवेल तोंडावर घेऊन झोपलेली मूर्ती त्याला दिसली, त्याने तिला हात धरून अदबीने उठवलं, गाडीत आणून बसवलं, "फाटी कोण रवलां?" विचारलं, आम्ही "कोण नाय" म्हटलं आणि गाडी सुटली. डिचोली जवळ आल्यावर टॉवेल खाली आला. आतून एक अनोळखी वृद्ध गृहस्थ निघाले. त्यांना डिचोलीलाच मुलीकडे जायचं होतं आणि शेवटची बस चुकल्यामुळे ते पारावर आडवे झाले होते. त्यांनी बाबल्याला तोंड भरून आशीर्वाद दिला. चित्रकलेचे सर वाळपईत कोणाच्या तरी दुकानाच्या पायरीवर बसून राहिले आणि दुसऱ्या दिवशी शाळेत आले. बाबलो त्यानंतर एकाऐवजी दोनदा विचारू लागला.

आता गणिताची गोष्ट सांगायला हवी. बीजगणित आमच्या वर्गावर तापासारखं आलं. गुरुजी फळ्यावर क्ष लिहायचे, त्या क्षला काय हवंय ते कोणालाच कळत नव्हतं. मला तर गुरुजी आपल्याला मुद्दाम छळतायत असं वाटायचं. ते कोडं बाबल्याने सोडवलं, तेही चालता चालता, साकवाच्या तोंडाशी. "क्ष म्हणजे फाटी रवलेलो," तो म्हणाला. "सगळी मानसां साकवाच्या अलाड आसत, एकटो पलाड रवलो. तो खंय आसा ता सोदून काढूचां, आनी हाताक धरून अलाड हाडूचो. येताना साकव लागता, म्हणान चिन्न बदालता." साकव ओलांडला की अधिकचं उणे होतं, हे मला गुरुजींनी वर्षभर सांगूनही कळलं नव्हतं ते त्या दिवशी पायांनी कळलं. पुढे मी हिशेब खात्यात नोकरी केली आणि पेन्शन खातो आहे. त्याचं मूळ त्या साकवावर आहे.

आणि हाच बाबलो मॅट्रिकला गणितात नापास झाला.

आमची मॅट्रिकची, म्हणजे तेव्हाच्या अकरावीची, परीक्षा म्हापशाला असायची. फेरीने नदी ओलांडायची, आठवडाभर कोणा पाहुण्याच्या ओसरीवर वळकट्या टाकायच्या, सकाळी पोदेराच्या पावभट्टीतले गरम उंडे चहात बुडवून खायचे आणि पेपरला जायचं. निकाल लागला तेव्हा आमच्यापैकी बहुतेक पास, शालू वर्गात पहिली, मी कसाबसा, आणि बाबलो गणितात गारद. संध्याकाळी तो आमच्या घरी जत्रेतलं खाजं घेऊन हजर. माझ्या आईने विचारलं, "हें कित्याक रे?"

"वामन पास झालो मा," तो म्हणाला. "खावा."

आम्ही कॉलेजला गेलो, नोकऱ्यांना लागलो. बाबलो पुन्हा मॅट्रिकला बसला आणि पुन्हा गणितात गेला. मग पुन्हा, आणि चौथ्यांदाही. पाळीच्या खाणीवरच्या कचेरीत त्याचे मामा होते. त्यांनी भाच्यासाठी एक कारकुनाची जागा धरून ठेवली होती. "मॅट्रिक जाव दे, दुसऱ्या दिसा कदेलीर बसयतंय," असं ते येईल त्याला सांगत. कदेल म्हणजे खुर्ची. दरवर्षी जून उजाडला की मामा खुर्ची पुसायचे आणि भाचा नापास व्हायचा. शेवटी ती खुर्ची दुसऱ्या कोणाच्या भाच्याला गेली. मामांनी बाबल्याशी बोलणं टाकलं ते कायमचं. गावात म्हण पडली, "बाबल्याचां गणित." न होणाऱ्या कामाला आमच्याकडे अजून तसं म्हणतात.

पुढे भाटवाड्यापर्यंत रस्ता झाला. रस्त्यावर बस आली आणि बसमध्ये कंडक्टर म्हणून बाबलो आला. त्याला याहून योग्य जागा त्रिभुवनात नव्हती. बस सुटण्यापूर्वी तो पायरीवरून उतरायचा, मागे जायचा, रिकाम्या रस्त्याकडे बघून विचारायचा आणि मगच घंटी मारायचा. मालक कपाळावर हात मारायचा. "लोकांच्यो बसी प्याशिंजर घेवन धावतत, आमची प्याशिंजराची वाट बघता." एकदा तर त्याने अर्ध्या वाटेवरून बस माघारी नेली, कारण रोज येणारी मासळीवाली त्या दिवशी दिसली नाही. ती घरी निवांत झोपली होती. तिने उठून बाबल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि मग, बस दारात आलीच आहे तर, म्हणून टोपली घेऊन चढली.

लग्न झालं तरी सवय गेली नाही. त्याची बायको सांगते, "राती दार लावताना ह्येंका इचारूक होयाच. मी भितर, तुमी भितर, मांजर भितर. आनी कोण ऱ्हवतला भायर?" तरी तो कडी घालण्यापूर्वी एकदा अंगणात डोकावतोच.

गेल्या हिवाळ्यात आमच्या वर्गाचं संमेलन झालं. त्याच शाळेच्या हॉलमध्ये, त्याच जनेलांतून तेच ऊन. कोणी मुंबईहून आलं, कोणी आखातातून निवृत्त होऊन, कोणाचे गुडघे बदललेले, कोणाचे दात. शालू डिचोलीच्या एका शाळेची हेडमिस्ट्रेस होऊन निवृत्त झाली आहे, तिच्यापुढे आम्ही अजूनही ताठ बसतो. सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. आधी हजेरी घेतली. सगळे "हजर" म्हणाले आणि शेवटी कोपऱ्यातून "प्रेझेंत" आलं तेव्हा हॉल टाळ्यांनी दणाणला. बाबलो दारात उभा होता. त्याला खुर्ची दिली होती, पण तो बसेना. बाहेरून कोण यायचं राहिलंय ते बघत होता.

मला चेव आला. मी माईकवर म्हणालो, "चार वर्षं मॅट्रिकचा वर्ग गाजवलेले, चारही बॅचांच्या संमेलनात जेवणारे, आणि गणिताशी जन्माचं वैर असलेले आमचे वर्गबंधू आता दोन शब्द बोलतील." सगळे पोट धरून हसले. बाबलोही हसला. शालू तेवढी हसली नाही. ती उठून आली आणि माझ्या हातातून माईक घेतला.

"वामन," ती म्हणाली, "तुका बीजगणित कोणी शिकयलां?"

"बाबल्याने," मी म्हणालो.

"आनी तोच गणितात नापास. इतक्या वर्सांत तुका त्याचां कायच वाटाक नाय?"

मग ती आम्हा सगळ्यांकडे वळली. भाटवाड्यातल्या मुलींना हायस्कुलात पाठवायचं ठरलं तेव्हा वाड्यावरच्या आईबापांची एकच अट होती, ती म्हणाली. डोंगराची वाट, पावसाळ्यातला व्हाळ. बरोबर बाबलो असेल तर चेडवां जातील, नाहीतर घरात बसतील. नांगर ठेवून बाबलो आठवीत बसला तो त्यासाठी. आम्हाला वाटत होतं तो शाळेत येताना मुलींच्या मागून चालतो. तो मुलींच्या मागून चालण्यासाठी शाळेत येत होता.

"मॅट्रिकच्या गणिताच्या पेपरला माझा नंबर त्याच्या शेजारच्या रांगेत होता," शालू सांगत होती. "दादाने नाव घातलं, नंबर घातला, पेन खाली ठेवलं. मग घंटा होईपर्यंत जनेलातून बाहेर बघत बसला. मला वाटलं, याला बरं नाही. माझ्याच गणितात चुका होऊ लागल्या. परतताना फेरीत मी त्याला विचारलं, असं का केलंस? तो म्हणाला, कुंदा आठवीत आसा."

कुंदा म्हणजे बाबल्याची सख्खी धाकटी बहीण, त्या तांड्यातली सगळ्यांत लहान. ती आठवीत होती आणि तिच्याबरोबर वाड्यावरच्या आणखी दोघी. बाबलो पास झाला असता तर मामांनी दुसऱ्या दिवशी त्याला पाळीला नेऊन खुर्चीवर बसवलं असतं. आणि त्याच्या पुढल्या दिवशी त्या तिघींच्या पाट्या-दप्तरं माळ्यावर गेली असती.

"मामाला कळू द्यायचं नाही म्हणून त्याने मला देवीची आण घातली होती," शालू म्हणाली. "मामा यंदा गेले. म्हणून आज बोलतेय." तिने माईक माझ्या हातात दिला आणि जागेवर जाऊन बसली.

मी माईक बंद केला आणि दाराकडे पाहिलं. दारातला बाबलो लाजून लाल झाला होता. चोरी पकडली गेल्यासारखा तो कान खाजवत उभा होता, तोच फोटोतला.

"ह्या शालग्याक खंयचा खंय आठवता," तो म्हणाला. मग त्याला एकदम काहीतरी सुचलं आणि चेहरा उजळला. "आनी चवथ्या वर्साची गजाल कित्याक सांगूक नाय? चवथ्या वर्सा मी खराच नापास झालंय."

"म्हणजे?" मी विचारलं.

"कुंदा माझ्या वांगडाच परीक्षेक बसलेली. आता कोण फाटी नाय, म्हटलां, आता लिवया. पेपर हातात घेतलंय तर नवीनच गणित, संचाचां, एकमेकांत शिरलेली दोन वाटोळी. एका वळयेत गायो काढलेल्यो, दुसऱ्या वळयेत म्हशी, आनी इचारतत, दोनय वळयांच्या मदी कोण? मी लिवलंय, राखणो."

हॉल असा हसला की जनेलांची तावदानं वाजली. शालूसुद्धा डोळे पुसत हसली. हसू ओसरल्यावर बाबलो म्हणाला, "पण कुंदा पास झाली. गणितात बरे गुण पडले तिका." ते म्हणताना त्याचा आवाज एवढा समाधानी होता की त्याच्याबद्दल हळहळायची कोणाला सोय उरली नाही. कुंदा पुढे नर्स झाली. तिच्याबरोबरच्या दोघींतली एक शिक्षिका आहे, दुसरी पोस्टात होती. बाबल्याकडे मॅट्रिकचं सर्टिफिकेट नाही.

जेवणं झाली, सोलकढी झाली, पुन्हा भेटायचे वायदे झाले. फोटोही झाला, आणि त्यात काय आलं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. मग आम्ही निघालो. सवयीप्रमाणे बाबलो हॉलच्या दारात उभा राहिला, आम्हाला एकेकाला बाहेर जाऊ दिलं, आत रिकाम्या खुर्च्यांकडे पाहिलं आणि विचारलं, "फाटी कोण रवलां?"

आम्ही सवयीने "कोण नाय" म्हणणार होतो. पण शालू पायरीवर थांबली, मागे वळली आणि म्हणाली, "तू रवलंस, दादा."

तो गोंधळला. त्याने पुन्हा एकदा आत पाहिलं, जणू तिथे कोणी बाबलो नावाचा बसलेला असेल.

"आज तू फुडे चल," ती म्हणाली. "आमी फाटसून येतंव."

"माका फुडे चलूक सवय नाय गो."

"पडतली. चल."

तो निघाला. आम्ही सगळे बाजूला झालो आणि त्याच्या मागे रांग लावली, गुडघे बदललेले, दात बदललेले, सगळे. सबंध आयुष्य दुसऱ्यांच्या टाचा बघत चाललेल्या माणसाला समोर मोकळं मैदान आलं की कुठे बघावं कळत नाही. तो बिचकत, जमिनीकडे बघत, एका बाजूला कलत चालत होता. दोनदा थांबला. दोन्हीदा शालूने मागून "चल" म्हटलं. मला साकवावरची आमची रांग आठवली, आणि आपण किती निर्धास्त चालायचो ते आठवलं. एकदाही मागे वळून बघायची गरज आम्हाला तेव्हा पडली नव्हती.

गेटपाशी पोचल्यावर मात्र त्याला राहवलं नाही. तो वळला. "फाटी कोण..." म्हणाला आणि थांबला, कारण फाटी आम्ही सगळेच होतो.